एजंट म्हणतो, "अमेरिकेत शिरून असायलम मागायचं". जॉबरच्या पोराला काय सांगू?

टॉवेलवाला
माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आमचा जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारा मुकादम, वडिलांच्या वेळेपासूनचा माणूस. त्याच्या धाकट्या पोरानं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पुण्यात चाकणला कंत्राटावर राबला, कंत्राट संपल्यावर घरी आला. आता त्याला एक एजंट भेटलाय. ४५ लाखांत अमेरिका. दोन-तीन देशांतून फिरवत मेक्सिकोपर्यंत नेणार, तिथून सीमा ओलांडायची, पळायचं नाही, उलट स्वतःहून तिकडच्या पोलिसांच्या हाती लागायचं आणि म्हणायचं, "भारतात माझ्या जिवाला धोका आहे, मला असायलम द्या." केस चार-पाच वर्षं चालते म्हणे, तोवर कामाचं परमिट मिळतं, कर्ज फिटतं.

जॉबर घर गहाण टाकायला निघालाय आणि उरलेल्यासाठी माझ्याकडे उचल मागतोय. मी "नको" म्हटलं तर त्याला वाटतं मालकाला पैसे सोडवत नाहीत. हे असायलम काय प्रकरण आहे, एजंट म्हणतो त्यात खरं किती, ते जाणकारांनी नीट सांगा. भावनिक प्रवचन नको, ते मी करून झालोय.

पाव_चटणी
४५ लाख घालून लेकाला जंगलातनं चालवायला निघालाय व्हय? काय बे हे. तेवढ्यात इथं माग टाक म्हणावं.

टॉवेलवाला
@पाव_चटणी, माग टाकून बघ एकदा. सुताचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. माझेच निम्मे माग आठवड्यातले दोन दिवस बंद असतात. त्या पोराला मी कुठल्या तोंडानं सांगू की इथं थांब?

कायद्याचं_बोला
मूळ सोलापूरची, आता पुण्यात वकिली. या विषयाचं थोडं काम केलंय म्हणून सविस्तर लिहिते.

असायलम म्हणजे आश्रय. तो मागण्याचा हक्क दुसऱ्या महायुद्धानंतरच्या १९५१ च्या निर्वासित करारातून आला. त्यात कारणं पाचच आहेत: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व आणि राजकीय मत. यांपैकी एका कारणासाठी छळ होण्याची रास्त भीती हवी आणि आपलं सरकार संरक्षण देत नाही हेही दाखवावं लागतं. माग बंद पडले, कंत्राट संपलं, कर्ज झालं, यातलं काहीही त्यात बसत नाही. म्हणजे त्या पोराला खोटं बोलावं लागेल. एजंट कथा लिहून देतात, तीच कथा दहा जणांना, फक्त गावांची नावं बदलून. तिकडचे अधिकारी त्या कथा पाठ झाल्यासारख्या ओळखतात.

मग एवढी माणसं गेली कशी? २०२४ अखेर अमेरिकेच्या इमिग्रेशन कोर्टांत ३५ लाखांहून जास्त खटले तुंबले होते. अर्ज केल्यावर १८० दिवसांनी कामाचं परमिट मिळू शकत होतं आणि निकालाला वर्षानुवर्षं लागत होती. एजंट आश्रय विकतच नव्हता, तो विलंब विकत होता. ज्याचा दावा खरा, त्याला या विलंबाचा जाच होतो, बायकापोरं मागे अडकून राहतात. ज्याचा खोटा, त्याच्या पथ्यावर पडतो. माझ्या मते या सगळ्या गोंधळाचं मूळ इथं आहे. सरकारं भिंती, विमानं, छावण्या यांवर पैसा ओततात. सहा महिन्यांत नीट निकाल देतील एवढे न्यायाधीश नेमत नाहीत, कारण न्यायाधीशाचा फोटो निवडणुकीत चालत नाही.

२०२२-२३ च्या आर्थिक वर्षात अमेरिकेच्या सीमांवर ९६,९१७ वेळा भारतीयांना अडवल्याची नोंद आहे. एजंट सांगतोय ती गोष्ट त्या काळातली. जून २०२४ मध्ये बायडन यांनी दक्षिण सीमेवर आश्रयाची दारं बरीचशी बंद केली. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प आले आणि त्याच दिवशी सीमेवर भेटीची वेळ देणारं सरकारी अॅपही बंद झालं. ५ फेब्रुवारीला लष्करी विमान अमृतसरला उतरलं. १०४ भारतीय, हातात बेड्या, पायांत साखळ्या. हरियाणा आणि गुजरातचे ३३-३३, पंजाबचे ३०. महाराष्ट्राचेही ३ होते, हे जॉबरमामांना मुद्दाम सांगा.

शिवाय जाणूनबुजून खोटा आश्रय-अर्ज केल्याचं सिद्ध झालं तर अमेरिकेचा कायदा त्या माणसाला कायमचा बाद करतो. पुढे लग्न, नोकरी, काहीही होवो, कुठलाच व्हिसालाभ नाही. एजंट हे कधीच सांगत नाही.

रोखठोक७
मग झालं ते बरंच झालं की. ज्याचा देश त्यानं ठरवावं कोणाला घ्यायचं. युरोपानं २०१५ मध्ये दार सताड उघडलं, दहा लाखांहून जास्त लोक समुद्रातून उतरले आणि आता तेच रडतायत. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? मुंबईत, पुण्यात बांगलादेशी खोट्या आधारवर राहतात आणि आपण अमेरिकेला मानवता शिकवायची? कायदा मोडला की परत पाठवा. आपली पोरं असली तरी.

माईन_किनारा
@रोखठोक७, मी फ्रँकफुर्टजवळ राहते. २०१५ मध्ये आमच्या गावातल्या व्यायामशाळेत सिरियन कुटुंबं झोपायची. त्या वर्षी जर्मनीत सुमारे ८ लाख ९० हजार लोक आले. गोंधळ झाला, खोटं नाही बोलत. नंतरच्या वर्षांत झालेल्या चाकूहल्ल्यांमुळे वातावरण तापलं, उजव्या पक्षाची मतं वाढली, हेही खरं. पण "दार उघडलं आणि रडतायत" एवढीच गोष्ट नाही. त्यातले बरेच आज बस चालवतात, माझ्या इस्पितळात तर सिरियन डॉक्टर आहेत.

सरकारनं काय केलं ते मात्र बघण्यासारखं आहे. मार्च २०१६ मध्ये युरोपीय संघानं तुर्कस्तानशी करार केला: ६ अब्ज युरो घ्या, माणसं तिकडेच थांबवा. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली. आणि पुढच्याच महिन्यात आमचे तेव्हाचे चॅन्सेलर शोल्त्स दिल्लीला आले तेव्हा भारतीय कुशल कामगारांचे व्हिसा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेणार असं ठरलेलं होतं. एका हातानं ढकलायचं, दुसऱ्या हातानं ओढायचं. यात मला ढोंग दिसत नाही, हिशेब दिसतो. म्हातारे वाढले, नर्स मिळत नाहीत. फक्त तो हिशेब टीव्हीवर कोणी बोलून दाखवत नाही.

टॉवेलवाला साहेब, एक पक्कं: भारतीयांचे आश्रयाचे अर्ज इथं जवळजवळ सगळेच फेटाळले जातात. एप्रिल २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं "सुरक्षित मूळदेशां"ची यादी सुचवली, त्यात बांगलादेश, कोलंबिया, इजिप्त, मोरोक्को यांच्यासोबत भारत आहे. अशा देशातून आलेल्याचा अर्ज झटपट निकाली काढायचा, असा त्याचा अर्थ. अमेरिका बंद झाली म्हणून एजंट युरोपचं नाव काढेल, तेव्हा हे लक्षात ठेवा.

लीड्सचा_पांडू
आमच्या ब्रिटनचं कौतुक राहिलंच. एप्रिल २०२२ मध्ये योजना काढली की रबरी होड्यांतून येणाऱ्यांना थेट रवांडाला पाठवायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बेकायदा ठरवली. मग संसदेत कायदा करून "रवांडा सुरक्षित आहे" असं जाहीर केलं. जुलै २०२४ मध्ये सरकार बदललं, योजना गुंडाळली. खर्च सुमारे ७० कोटी पौंड. गेले किती? चार. तेही स्वखुशीनं, पैसे घेऊन!

नंतर फ्रान्सशी अदलाबदल ठरली, एक होडीवाला परत पाठवायचा, एक रीतसर अर्ज केलेला घ्यायचा. सप्टेंबर २०२५ मध्ये त्या योजनेत परत गेलेला पहिला माणूस कोण, तर भारतीय.

सेटलमेंटचा_नातू
वरचं सगळं वाचलं. आम्ही सेटलमेंट फ्री कॉलनीतले. सोलापूरकरांना नाव माहीत असतं, कारण माहीत नसतं. १८७१ च्या कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि इथं तारेच्या कुंपणात ठेवल्या. हजेरी द्यायची. बाहेर जायचं तर परवाना. गुन्हा काय, तर फिरत जगणं. १९५२ मध्ये कायदा गेला, म्हणून आम्ही ३१ ऑगस्ट पाळतो.

ऑस्ट्रेलियानं होडीतून आलेल्यांना नाउरू बेटावर आणि पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर ठेवलं, त्याचं वाचत होतो. आमचा आजा जे सांगायचा तेच. माणसानं काय केलं ते नंतर बघू, आधी कुंपण घाला. २०१६ मध्ये पापुआ न्यू गिनीच्याच सर्वोच्च न्यायालयानं मानुसवरची कोठडी घटनाबाह्य ठरवली. बाकी चालू द्या.

रोखठोक७
भाऊ, तुमच्या आजोबांवर अन्याय झाला, मान्य. पण ते याच मातीतले होते. परक्या देशात घुसणाऱ्याशी तुलना कशी होईल?

नळदुर्गकर
मी निवृत्त शिक्षक, वय ७४. मातीतले कोण आणि परके कोण हे सोलापुरात बसून ठरवणं अवघड आहे, म्हणून चार ओळी लिहितो.

आमचं गाव नळदुर्गच्या बाजूला. म्हणजे १९४८ पर्यंत निजामाचं राज्य. सोलापूर हाकेच्या अंतरावर, पण मुलूख वेगळा. रझाकारांचा जोर वाढला तेव्हा सीमेवरच्या गावांतली कुटुंबंच्या कुटुंबं रात्रीतून सोलापूर, बार्शीकडे आली. आमचे वडील त्यांतले. हद्द ओलांडली की हिंदुस्थान. सोलापूरच्या बाजूला सीमेलगत हैदराबाद मुक्तिसंग्रामाची केंद्रं होती, तिथून लढाही चाले. वडिलांना कोणी पुरावा मागितला नाही. कोणाच्या पडवीत, कोणाच्या धर्मशाळेत राहिले. सप्टेंबरात निजामाविरुद्ध भारत सरकारची पोलिस कारवाई झाली, मग बरेच परतले, आम्ही राहिलो. आणि हेही सांगितलं पाहिजे की कारवाईनंतर मराठवाड्यात मुसलमानांवर सूड उगवला गेला. भारत सरकारच्याच सुंदरलाल समितीनं ते नोंदवलंय. पळण्याची पाळी मग त्यांच्यावर आली. एका वर्षात भीतीनं बाजू बदलली.

टॉवेलवाला, तुम्ही पूर्व भागातले ना? तुमचे आजोबा तेलंगणातून आले असणार.

टॉवेलवाला
होय सर. पद्मशाली. करीमनगरकडचे. १८७७ च्या सुमारास इथली जुनी मिल सुरू झाली, तेव्हापासून आमचे लोक येत गेले. तिकडे दुष्काळ, इकडे गिरणी आणि हातमाग. घरात अजून तेलुगू बोलतो, बाहेर मराठी. आजोबांना जिवाचा धोका नव्हता, पोटाचा होता.

नळदुर्गकर
मग बघा. आजच्या कायद्याच्या हिशेबानं माझे वडील निर्वासित आणि तुमचे आजोबा नुसते पोटासाठी आलेले. माझ्या वडिलांना आश्रय मिळाला असता, तुमच्या आजोबांना विमानात बसवलं असतं. आणि सोलापूर उभं राहिलं ते तुमच्या आजोबांच्या मागावर. चादर त्यांची, विड्या वळणाऱ्या बायका त्यांच्या घरातल्या.

म्हणून मला तो कायदा चूक वाटतो असं नाही. जीव वाचवायला आलेल्याला पहिली जागा मिळाली पाहिजे. पण दुसरं दार पूर्ण बंद केलं की पोटवाला पहिल्या दारातून घुसायला बघतो, आणि मग त्या दारावरचा रखवालदार खऱ्या भेदरलेल्यावरही विश्वास ठेवत नाही.

कायद्याचं_बोला
नळदुर्गकर सर, मी जे दोन परिच्छेदांत सांगू बघत होते ते तुम्ही एका वाक्यात सांगितलंत.

@रोखठोक७, भारताचा मुद्दा काढलात, तर तेही बोलू. भारतानं १९५१ चा करार कधी स्वीकारलाच नाही. आपल्याकडे निर्वासितांचा स्वतंत्र कायदाच नाही. परदेशी नागरिकांसाठी १९४६ चा कायदा होता, त्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन कायदा आला, पण जीव वाचवून आलेला आणि व्हिसा संपल्यावर लपलेला यांच्यात तोही मूलतः फरक करत नाही. जे काय होतं ते सरकारच्या मर्जीनं. तिबेटींना वसाहती दिल्या, महाराष्ट्रात गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची एक आहे. श्रीलंकेच्या तमिळांना तमिळनाडूत छावण्या. रोहिंग्यांना अटक आणि परत पाठवणी. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीनं पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना वाट दिली, त्यात मुसलमान नाहीत. सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये चकमा निर्वासितांच्या खटल्यात म्हटलं की घटनेचं कलम २१, म्हणजे जगण्याचा हक्क, प्रत्येक व्यक्तीला लागू, नागरिक असो वा नसो. तो आधार अजून आहे, पण प्रत्येक वेळी पुरतोच असं नाही.

तरी आकडा मोठा आपलाच. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी माणसं आली. त्यांच्या खर्चासाठी नोव्हेंबर १९७१ पासून मार्च १९७३ पर्यंत प्रत्येक पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, "शरणार्थी सहायता" छापलेलं. सोलापुरातून करीमनगरला गेलेल्या प्रत्येक पत्रावरही ते असणार. गरीब देशानं एक कोटींना घेतलं आणि पाच-पाच पैसे गोळा केले. श्रीमंत ब्रिटननं चौघांसाठी ७० कोटी पौंड घालवले.

रोखठोक७
१ कोटी घेतले कारण इलाज नव्हता, आणि युद्ध संपल्यावर बहुतेकांना परत पाठवलं. तेही सांगा की.

कायद्याचं_बोला
बरोबर, बहुतेक परत गेले. कारण परत जाण्यासारखा देश तयार झाला होता. हीच तर खरी अट असते. सीरियात डिसेंबर २०२४ मध्ये असद यांची सत्ता पडल्यावर लाखो लोक परत निघाले. उलट पाकिस्ताननं ऑक्टोबर २०२३ मध्ये अफगाणांना हाकलायला सुरुवात केली, तिथं तालिबान बसलेलं असताना. त्यात पाकिस्तानातच जन्मलेली पोरंही होती. दोन्हीला "परत पाठवणं" म्हणता येईल, पण दोन्ही एक नाहीत.

लीड्सचा_पांडू
आणि "सगळं जग श्रीमंत देशांत घुसतंय" हे इथल्या पबमध्येही रोज ऐकतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा २०२४ अखेरचा आकडा: घर सोडावं लागलेले १२ कोटी ३२ लाख. त्यातले ७ कोटी ३५ लाख स्वतःच्याच देशात इकडून तिकडे. देश सोडलेल्यांपैकी ७३ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, ६७ टक्के अगदी शेजारच्या देशात. जास्त भार इराण, तुर्कस्तान, कोलंबिया, युगांडा यांच्यावर. श्रीमंतांतलं पहिल्या पाचात एकटं जर्मनी. बांगलादेशानं २०१७ मध्ये काही महिन्यांत ७ लाखांवर रोहिंग्या घेतले. होडीतून ब्रिटनला येणारे २०२२ च्या उच्चांकी वर्षात होते सुमारे ४६ हजार. आमच्या पेपरांचे मथळे वाचलात तर वाटेल उलटंच.

पाव_चटणी
जागतिक चर्चा झाली, लय भारी. जॉबरच्या पोराचं काय करायचं ते सांगा की ओ.

माईन_किनारा
तेच लिहायला परत आले. "जाऊ नको" म्हणून तो थांबणार नाही. त्याला रीतसर वाट दाखवा.

डिप्लोमा मेकॅनिकल आहे, हे चांगलं आहे. जर्मनीत आउसबिल्डुंग म्हणजे पगारी शिकाऊ प्रशिक्षण मिळतं, साधारण तीन वर्षांचं, त्याला जर्मन भाषेची बी-वन, म्हणजे मधली, पातळी लागते. दुसरी वाट, जून २०२४ पासून सुरू झालेलं संधी-कार्ड. गुण मोजून वर्षभर नोकरी शोधायला येऊ देतात, पण खर्चाचे पैसे खात्यात दाखवावे लागतात. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी १० हजार कुशल मनुष्यबळाचा करार केला, त्याची गती फार नाही, पण माहिती काढायला हरकत नाही. काहीही केलं तरी भाषेला वर्ष ते दीड वर्ष जाणार. ४५ लाखांचा प्रश्नच नाही. मात्र जर्मनीच्या नावानंही लुटणारे निघालेत, "भाषेशिवाय नोकरी" म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

कायद्याचं_बोला
आणि एजंटची परीक्षा सोपी आहे. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन (देशाबाहेर जाण्याच्या) कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर नाव टाकून बघा. नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून सेवाशुल्क घेता येतं ते जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी. त्याला परवाना क्रमांक मागा, ४५ लाखांची पावती मागा.

टॉवेलवाला
मागितला. जॉबर आणि पोरगा दोघांना समोर बसवूनच फोन लावला. आधी म्हणाला, "मालक, हा टुरिस्ट व्हिसाचा विषय आहे, परवान्याची गरजच नाही." मी म्हटलं मग पावती द्या. म्हणाला व्यवहार रोखीत असतो. त्यानंतर फोन उचलत नाही.

पोरगा १०४ जणांच्या विमानाचा व्हिडिओ आधीच बघून बसलेला होता, तरी त्याचं म्हणणं, "ते सापडले, मी सापडणार नाही." म्हटलं, अरे तुझ्या योजनेतच सापडायचंय, मग न सापडून करणार काय? तेव्हा जरा गप्प बसला. जॉबर मात्र अजून पूर्ण वळलेला नाही. शेजारच्या पेठेतला एक जण तीन वर्षांपूर्वी असाच गेला आणि घरी पैसे पाठवतो, हे उदाहरण तो सोडत नाही. त्याला काय उत्तर द्यावं?

रोखठोक७
सांगा की तो तीन वर्षांपूर्वी गेला. त्याचा निकाल अजून लागायचाय. लागला की सांगेल कुठून बोलतोय ते. यात मात्र मी वकीलबाईंशी सहमत.

टॉवेलवाला
हे पटेल त्याला. उचल द्यायची माझी तयारी आहे, पण भाषेच्या क्लासला. जर्मन क्लास सोलापुरात करावा की पुण्याला पाठवू?

माईन_किनारा
ए-वन, ए-टू या सुरुवातीच्या पातळ्या सोलापुरात किंवा ऑनलाइन होतील, पैसे वाचतील. बी-वनला पुण्यात मॅक्सम्युलर भवनात परीक्षा देता येते, तिचं प्रमाणपत्र सगळीकडे चालतं. त्याला डिप्लोमाच्या गुणपत्रिका स्कॅन करून ठेवायला सांगा आणि त्याची पदविका जर्मनीत मान्य होते का ते आधी तपासू. संस्थेचं नाव आणि उत्तीर्ण वर्ष मला व्यनि (खासगी निरोप) करा.